खाचेत काय आहे ते बघू द्या

बाळांनो, समजा, तुमच्या हातात पाटीहून लहान एक काळा टॅबलेट आहे आणि कालपासून तो हूं की चूं करत नाही. काय कराल? ठिणगीने काय केलं ते सांगतो.

ठिणगी म्हणजे शिंप्याची धाकटी. तिचा टॅबलेट चार्ज होईना, म्हणून दादाने निकाल देऊन टाकला. "मेला तो. जुन्या वस्तू घेणारे काका दारात उभे आहेत, देऊन टाक. सुटे भाग तरी कामाला येतील."

"देणार नाही."

"मग काय, उशाला घेऊन झोपणार?"

"आधी बघणार. तू बघितलंस का? नुसती पिन कोंबत होतास."

तिने टॅबलेट कापड बेतायच्या टेबलावर, दिव्याखाली ठेवला आणि एकेक कड तपासायला घेतली. वर हेडफोनचं गोल भोक, स्वच्छ. उजवीकडची बटणं दाबली की टिक् वाजत होती. डावीकडे कार्डाची झाकणवाली खाच. खाली आवाजाची जाळी, टाचणीच्या टोकाएवढं माइकचं भोक आणि मधोमध चार्जिंगची चपटी खाच. तिथे पिन निम्मीच जाऊन अडली.

"पिन बसतच नाहीये, दादा. आत काहीतरी आहे."

"आली मोठी इंजिनिअर. बाबा, सांगा ना हिला."

बाबा मशीनवरून उठले, खाचेत डोकावले आणि त्यांनी कॉलरला खोचलेली सुई काढली. शिंप्याच्या घरात कशालाही आधी सुईच.

ठिणगीने हाताने खाच झाकली. "सुई नको. आतल्या पट्ट्या नाजूक असतात, ओरखडा पडला की संपलं."

"माझ्या हातावर विश्वास नाही होय गं?"

"हातावर आहे. सुईवर नाही."

बाबा मिशीत हसले आणि बाजूला झाले.

तिने चार्जर काढून ठेवला, दात कोरायची लाकडी काडी घेतली आणि कडेकडेने हळूच फिरवली. कापडाची राखाडी लव बाहेर आली, ठासून घट्ट झालेली. टॅबलेट रोज कात्रणांच्या टोपलीत पडलेला असायचा, त्यात दुसरं काय शिरणार? दादाने पिन कोंबून कोंबून ती लव आणखी आत दडपली होती.

आता पिन टक्कन बसली. थोड्या वेळाने पडद्यावर बॅटरीचं चित्र उमटलं. दादा कान खाजवत राहिला.

"देताय ना?" दारातून काकांनी विचारलं.

"नाही," ठिणगी म्हणाली. "उलट तुमच्या पिशवीतले बंद पडलेले टॅबलेट दाखवा. त्यातले खरंच किती मेलेत, तेही बघू."

आणि उत्तराची वाट न पाहता ती काडी घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसली.