खाडीच्या ड्रॅगनला मीठ

खाडीचा ड्रॅगन कोकणात, खारफुटीत राहतो. मासे खातो, ओहोटीला झोपतो, माणसांच्या भानगडीत पडत नाही. या ड्रॅगनांतला एक पैठणजवळ, जायकवाडी धरणाच्या काठावर येऊन बसला, तेव्हा लोकांनी पहिली शंका त्याच्या अकलेवर घेतली. पण वरून पाहिलं तर समुद्रासारखाच पलीकडचा काठ दिसत नाही, आणि उडता उडता पाणी चाखायची सोय नसते.

छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या तनुजाला वनखात्यानं त्याच्यावर लक्ष ठेवायला पाठवलं. सूचना तीन होत्या : दुर्बिणीतून पाहावं, जवळ जाऊ नये, रोज अहवाल द्यावा. तो जगावा, अशी सूचना कोणी केली नव्हती. ती जबाबदारी तिनं आपणहून घेतली.

म्हशीएवढा, शेवाळी रंगाचा प्राणी. नवव्या दिवशी त्यानं मासे खाणं सोडलं. तोंडातून जाळाऐवजी नुसती वाफ, पंख ओल्या गोधडीसारखे. दिवसभर दगड चाटत बसायचा. 'कारण अज्ञात,' तनुजानं लिहिलं.

मंजुळाबाई तिथंच मेंढरं चारत. त्याही नऊ दिवस पाहत होत्या; कोणी विचारलं नाही म्हणून बोलल्या नव्हत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "बाई, त्या दुर्बिणीत काय दिसतंय?"

"दगड चाटतोय, मावशी."

"ते मला बिनदुर्बिणीचं दिसतंय. मीठ पायजे त्याला. मेंढरं बी असंच करत्यात."

"त्याला काही द्यायचं तर परवानगी लागेल."

"मी मेंढरांना देते. त्यात ते आलं तर मी काय करू?"

बाजारच्या दिवशी मंजुळाबाई खडेमीठ आणून सपाट दगडांवर पसरत. या वेळी दोन दगड जास्त घेतले. मेंढरं आली. त्यांच्यामागून ड्रॅगन आला, धक्काबुक्की न करता. मेंढरांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा माना खाली घातल्या.

तिसऱ्या बाजारापर्यंत जाळ परतला, पंख ताठ झाले. तनुजा खूश होती. मग तिच्या लक्षात आलं, की तो जातच नाही. सकाळी पाण्यावर दोन घिरट्या, संध्याकाळी मेंढरांच्या मागं. तिकडं खाडीत विणीचा हंगाम आलेला. राहिला तर इथं एकटाच म्हातारा होणार.

"मावशी, आपली चूक झाली."

"व्हय. मीठ दिलं की जनावर कळप सोडत नाय. त्यासाठीच देत्यात."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तवा मरत होतं ते. आधी जगू तर द्यायचं."

पुढच्या बाजारी मीठ पिशवीतच राहिलं, मेंढरांचंसुद्धा. मेंढरांनी आरडाओरडा केला. ड्रॅगननं कोरडा दगड चाटला आणि मंजुळाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पाठ फिरवली.

"तुमी बी बघू नका, बाई. बघितलं की थांबतं."

पाहण्यासाठीच नेमलेल्या तनुजानंही पाठ फिरवली. बराच वेळ काही नाही. मग पंखांचा एक जड फटकारा, आणि मेंढरं गप्प. दोघी वळल्या तेव्हा तो नगरच्या बाजूला, मावळतीकडं लहान होत चालला होता.

"समुद्र लई लांब हाय का?"

"वारा मिळाला तर उद्या पोचेल." तनुजानं पिशवी उचलली. "द्या आता मेंढरांना."

मंजुळाबाईंनी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली.

"दमा जरा. मिठाचा वास त्याच्यापतूर गेला तर माघारी फिरंल."

मेंढरं दगडांभोवती उभी होती. पिशवीचं तोंड कोणी सोडलं नाही.