काळा पडलेला लाल मासा

सोमवारी सकाळी सुकन्याने दवाखाना उघडला, माशांच्या टाकीपाशी गेली आणि काचेला नाक लावून बघतच राहिली. खाऱ्या पाण्यातल्या सहा माशांपैकी एक लालभडक होता, पोरं सुईचं दुखणं विसरून त्याच्याकडे बघत बसायची. तोच काळाठिक्कर पडला होता. बाकीचे पाच निळे मात्र कधी नव्हे इतके चमकत होते.

सोलापुरातल्या या मुलांच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम पंधरा दिवस बाहेरगावी होत्या. टाकी सुकन्याच्या हवाली करून गेल्या, तेव्हा कंपाउंडर बिभीषणने सगळ्यांदेखत नाक मुरडलं होतं. मेंढरं राखणाऱ्यांच्या पोरीला समुद्रातलं काय कळतंय, म्हणे. मॅडम म्हणाल्या होत्या, जीव राखायची सवय हिच्या घरात आहे, तेवढं पुरे. आज सकाळीच त्या परत येणार होत्या. मासा मेला तर त्यांच्या त्या एका वाक्याची माती होणार होती.

तिने पाण्याचा खारेपणा मोजला, पंप पाहिला. सगळं जागच्या जागी. खाणं टाकलं तर काळ्यानेच आधी झडप घातली. एरवी एवढ्यावर तिला हायसं वाटलं असतं, पण भीतीने डोकंच चालेना. शेवटी तिने सांगोल्याकडे बापाला फोन लावला. बिरप्पाने जन्मात मासा पाळला नव्हता. पण आजारी जनावराची त्याची रीत ठरलेली होती.

"आदी कळपातनं भाईर काढ," तो म्हणाला. "मग उनात न्हेऊन बग. मेंढराची पापणी उलटून बगतो ती उनातच की. आडोशाला रंग कळत न्हाय."

तिने प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात टाकीतलंच पाणी घेतलं, माशाला अलगद त्यात उतरवलं आणि पायरीवर आणलं. मजा बघायला बिभीषण मागोमाग आलाच. उन्हात डबा धरला आणि मासा लाल झाला. पिकल्या टोमॅटोसारखा लाल. तिने डबा आत टाकीपाशी नेला, मासा काळा. बाहेर आणला, लाल.

मग तिची नजर टाकीवरच्या नव्या ट्यूबकडे गेली. शनिवारी जुनी ट्यूब गेली, तेव्हा मॅडमना समुद्रासारखं दिसावं म्हणून निळी लाव असं वायरमन बसूला तिनेच सांगितलं होतं. लावून होईतो दवाखाना बंद करायची वेळ झाली, त्या गडबडीत तिने टाकीकडे धड पाहिलंही नव्हतं. डबा मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली आणि हसता हसता रडली.

मॅडम रिक्षातून उतरल्या त्या हेच बघत. सगळं ऐकून त्यांनी सांगितलं, की समुद्राचं पाणी उजेडातला लाल रंग आधी गिळतं. खोलवर निळाच उरतो, आणि लाल मासा तिथे असाच काळा दिसतो. त्यामुळे मोठ्या माशांच्या नजरेतून तो सुटतो.

"तू त्याला त्याच्या घरातला उजेड दिलास," त्या म्हणाल्या. "टाकी तुझ्याकडेच राहू दे."

तेवढ्यात बिरप्पाचा फोन आला. "जगलं का?"

"आप्पा, त्याला काय झालंच न्हवतं," सुकन्या म्हणाली. तिकडून सुटलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.

बिभीषण न सांगता स्टूल घेऊन आला. त्याने ते घट्ट धरलं, आणि पोरांना पुन्हा लाल मासा दिसावा म्हणून पांढरी ट्यूब तिने लावली.