स्टुलावरची वही

१९९९ सालची गोष्ट. बारामतीत नीळकंठ सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत पाच कॉम्प्युटर, दहा विद्यार्थी. प्रत्येक कॉम्प्युटरपुढे एक खुर्ची आणि एक स्टूल. खुर्चीत मुलगा, माउस त्याच्या हातात. स्टुलावर मुलगी, वही मांडीवर. असा नियम कुणी केलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायलाही कुणी पुढे आलं नव्हतं. "मुलींचं अक्षर कसं छान असतं," असं सर कौतुकानं म्हणत आणि स्त्रीशिक्षणाला आपला केवढा हातभार लागतोय, या समाधानात फळा पुसत.

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावची सुकन्या रोज एसटीनं यायची. वेबपेज कसं लिहायचं, त्यात चित्र आणि आवाज कसा बसवायचा, हे तिनं चार महिन्यांत दोन वह्या भरून उतरवलं होतं. माउसला तिचं बोट लागलं होतं एकदाच, खुर्चीतला शंभूराज चहाला गेला होता तेव्हा.

एक दिवस तिचे वडील आबाजी आले. जोडे बाहेर ठेवून तासभर भिंतीशी बसून राहिले. मग उठले.

"सर, पोरीनं मशिनीला हात कवा लावायचा?"

"अहो आबा, शंभूराज करतो, ती बघून लिहिते. बघूनही शिकतात की."

"आमी मेंढरं कातरायचो, तवा एकानं मेंढी धरायची न् दुसऱ्यानं कातर चालवायची. मी ल्हान, म्हून सहा वरसं निस्ता धरायला. रोज बघत हुतो. सातव्या वरसाला कातर हातात आली आन् पयल्याच मेंढीचा कान कापला. बघून शिकलो हुतो न्हवं!"

सर हसले. आबाजी हसले नाहीत. "उद्यापासनं ती यायची न्हाय. धरायची कामं घरी बी लई हायत."

सरांनी मनातल्या मनात झटकन आडाखा बांधला. दुसऱ्याच दिवशी एमआयडीसीतल्या एका डेअरीत जाऊन त्या डेअरीसाठी केलेलं वेबपेज दाखवायचं होतं. बनवलं होतं शंभूराजनं. पण कुठली ओळ कशासाठी, हे फक्त सुकन्याच्या वहीत होतं. "उद्याचा दिवस येऊ द्या, वही घेऊन," ते म्हणाले.

"मग मी बी येतो," आबाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे डेअरीच्या ऑफिसात पोचले. मॅनेजर इंदिरा मॅडम वेळेला पक्क्या होत्या. शंभूराजनं तिथल्या कॉम्प्युटरमध्ये ऐटीत फ्लॉपी घातली. पान उघडलं. अक्षरं आली, पण चित्रांच्या जागी रिकामे चौकोन, आवाज गायब. त्यानं दहा वेळा माउस दाबला. सरांनी मागच्या वायरी हलवून पाहिल्या.

"सर," मागून सुकन्या म्हणाली, "चित्रं फ्लॉपीत हायत. पण पानात पत्ता क्लासातल्या मशिनीचा दिलाय. ते इथं येऊन तिथलीच चित्रं शोधतंय."

"तू गप गं. वही धर," शंभूराज पुटपुटला.

"का गप?" मॅडम म्हणाल्या. "ऊठ रे. बस गं तू."

सुकन्या खुर्चीत बसली. वहीतलं पान समोर धरलं आणि एकेक अक्षर शोधत तीन ओळींतले पत्ते बदलले. पान पुन्हा उघडलं. पडदाभर जर्सी गाय उभी राहिली आणि स्पीकरमधून अशी हंबरली, की आबाजी दचकून दाराकडं वळले. सगळी खोली हसली.

"हे पान दर आठवड्याला बदलावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "ही येईल का कामाला?"

"यील की," आबाजी म्हणाले. "पर क्लास सुटणार न्हाय. तितं तिला खुर्ची पायजे. काय सर?"

सरांनी मान खाली घातली. "चूक माझी, आबा. चार महिने मी शिकवलं एकीला आणि बसवलं दुसऱ्याला."

दुसऱ्या दिवशी क्लासात भिंतीवर घड्याळ लागलं. अर्धा तास खुर्ची, अर्धा तास स्टूल, मुलगा असो की मुलगी. शंभूराज पहिल्यांदाच स्टुलावर बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण वही आणलेलीच नाही. सुकन्यानं आपली पुढं केली. "घे. पण नीट धर."

मंडळी, मुलीला शिकायला पाठवलं, एवढ्यानं आपलं कर्तव्य संपत नाही. तिथं खुर्चीत कोण बसतंय, हेही एकदा जोडे काढून, आत जाऊन बघावं.