टोपीची आतली पट्टी

देवळाली कॅम्पात माझं जुन्या सामानाचं दुकान आहे, आणि फौजी अधिकाऱ्यांच्या टोप्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. टोपी हातात द्या. बिल्ल्यावर मुकुट असला तर इंग्रजांच्या वेळची, नसला तर आपली. पुढच्या चोचीवर जरीचं काम असलं तर कर्नल किंवा त्याच्या वरचा साहेब. ती जरी खऱ्या तारेची की बाजारातला चमकी दोरा, ते नख लावलं की कळतं. साल सांगताना मी दोन-तीन वर्षांच्या पलीकडे चुकत नाही. बायको होती तेव्हा म्हणायची, "एवढी नजर घरातल्या माणसांवर ठेवली असती तर!"

आलेल्या टोपीची आतली चामड्याची पट्टी मी आधी उसवून टाकतो. वर्षानुवर्षांचा घाम त्यात मुरलेला असतो. हॉटेलच्या भिंतीवर टोप्या टांगणारे, नाटकाचे कपडेपट सांभाळणारे, कुणालाच तो वास नको असतो. नवी पट्टी शिवली की टोपीचा भाव वधारतो. या युक्तीचं मला फार कौतुक होतं.

सोमवारी दुपारी हर्षाली आहेर आली. अंबडच्या एका कारखान्यात हिशेब बघते, पन्नाशीला टेकलेली. चार वर्षांपूर्वी वडील, मेजर पुंजाराम आहेर, गेले. तेव्हा आईला आपल्या फ्लॅटवर नेताना हिनं वडिलांची ट्रंक मला दिली होती. जागा नव्हती म्हणाली.

"काका, बाबांची टोपी परत हवी. आई जेवत नाही. दहा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, वय झालंय. ती एकच म्हणते, त्यांची टोपी आण."

"तोफखाना ना? बघू."

माझ्या फळीवर तोफखान्याच्या अकरा टोप्या होत्या. मेजरसाहेबांच्या मापाच्या पाच. पाचही सत्तर ते ऐंशी सालच्या दरम्यानच्या. मी त्या काउंटरवर मांडल्या. तिनं एकेक उचलली, नाकाशी नेली. नव्या चामड्याचाच वास आला असणार.

"आतल्या पट्टीच्या उलट्या बाजूला नाव आहे," ती म्हणाली. "मेसमध्ये टोप्यांची अदलाबदल व्हायची म्हणून आईनं लिहिलं होतं. धोब्याच्या शाईनं, मराठीत. बाकी सगळ्यांची इंग्रजीत. बाबा चिडवायचे तिला."

मराठी नाव मला आठवत होतं. हजारभर पट्ट्या काढल्या असतील, त्यात मराठी ती एकच. वाचून मी हसलोसुद्धा होतो. मग ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि नवी शिवायला घेतली. पण टोपी कुठली होती? ती या पाचांत आहे की केव्हाच विकली गेली? आठवेना. अख्ख्या नाशकात टोपी ओळखणारा मी एकटा, असं मी लोकांना सांगत फिरायचो.

मी तिला खरं ते सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ट्रंक तर मीच दिली."

त्या वाक्यानं मला जास्त लागलं. मग मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पाचांतली त्यातल्या त्यात जुनाट टोपी घेतली, पट्टी उलटवली. तिच्या मोबाईलमध्ये आईच्या जुन्या पत्राचा फोटो होता. तो बघून मी टाक शाईत बुडवला आणि लिहिलं, पुं. ना. आहेर. आईचा 'र' शेवटी खाली ओढलेला असायचा. तोही ओढला. शाई चहाच्या पाण्यानं फिकी केली. हर्षाली बघत होती. खोट्या मालाला मी जन्मभर नावं ठेवली होती.

मंगळवारी संध्याकाळी ती परत आली. टोपी पिशवीत होती.

"घेतली का त्यांनी?"

"मांडीवर घेतली. कुरवाळली. मला वाटलं, झालं काम. ताटसुद्धा वाढलं. मग तिनं पट्टी उलटवली." हर्षालीनं पिशवीतून टोपी काढून काउंटरवर ठेवली. "म्हणाली, 'नाव त्यांचं, पण हे अक्षर माझं नाय.' रागावली नाही, काका. मलाच समजावत होती. म्हणे, 'पोरी, नाव कोणीबी घालील, पण कोणाची तरी बदलून आली ही. ज्याची हाय त्याच्या घरी नेऊन दे. ती बाई वाट बघत असंल. तिला पोचल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाय.'"

मी टोपी हातात घेतली. साल सांगता आलं असतं. कापड कुठल्या गिरणीचं, शिवण कुठल्या शिंप्याकडची, तेही सांगता आलं असतं.

"कोणाची आहे ही?" हर्षालीनं विचारलं. "नाव सांगा फक्त. मी आत्ता रिक्षा करून जाते. पुण्याला असेल तर पुण्याला जाते. आईला फोनवर त्या बाईचा आवाज ऐकवते."

पट्टी मी पुन्हा उलटवली. तिथं माझंच अक्षर होतं. त्याच्याखालचं चामडं कोरं, मीच बाजारातून आणलेलं.

"काका?"

मला तिच्याकडे बघवेना. "नाही सांगता येत," मी म्हणालो. "यातल्या कुठल्याच टोपीचं नाही सांगता येत."