आतड्यातनं उठणारी दया

शनिवारच्या तयारीच्या सभेत आमच्या अनंत पाळकांनी ग्रीक काढलं, तवाच मी ओळखलं, उद्याचा घास काय घशाखाली उतरत न्हाई. पलूसच्या आमच्या चर्चात रीत हाय. महिन्याच्या पैल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायच्या आधी, ज्याच्याशी वाकडं असंल त्याचा हात धरून सलाम म्हणायचं. आणि उद्या माझा जावई विश्वजीत येणार होता, जामिनावर सुटून.

माझ्या सईचा जबडा त्यानं नट खोलायच्या लोखंडी पान्यानं फोडलाय. दोन जागी. दीड महिना पोर तारांनी तोंड बांधून नळीनं पेज पीत होती. कोर्टात साक्ष तिचीच हाय, मग हा समेटाला कशाला येतोय ते मला कळत न्हाई व्हय? चर्चात हात धरला की केस मागं घ्या म्हणायला मोकळा! सईला मी शब्द दिला होता, त्यानं तुझ्यापुढं हात केला तर तो हात जाग्यावर ऱ्हाणार न्हाई.

पाळक सांगत होते, "वाटेत लुटून, मारून अर्धमेला टाकलेला माणूस एका शोमरोन्याला दिसला. हा शोमरोनी परक्या जातीचा, तरी त्याला कळवळा आला, असं आपण वाचतो. मूळ ग्रीक क्रियापद आहे स्प्लांख्निझोमाई. स्प्लांख्ना म्हणजे आतडी, काळीज, पोटातलं सगळं. ही दया ठरवून करता येत नाही. ती आतड्यातनं उठते आणि माणसाला हलवते. शुभवर्तमानांत हे क्रियापद फक्त येशूसाठी येतं, आणि त्याच्या दाखल्यांतल्या माणसांसाठी."

"मग बरं झालं," मी उठून म्हटलं. "देवाचं काम देवानं करावं. आमच्या पोटात भूक असती आणि राग असतो."

बायका फिसकन हसल्या. पाळक बी हसले.

रविवारी पिशवीत वरवंटा घालून सईसंगट चर्चात गेले. सांगते की, लपवायचं काय त्यात?

विश्वजीत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पैल्या बाकावर बसलेला. सलाम करायची वेळ झाली, तसा तो उठला आणि सरळ सईपुढं आला. सईनं माझा दंड असा आवळला की नखं रुतली. त्यानं हात पुढं केला.

"झालं गेलं सोड की," तो हसून म्हणाला. "सगळी बघाय लागल्यात."

मी वरवंटा काढला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते, सव्वीस वर्षं दवाखान्यात आया होते. तो वाकला तसा दुसरा घाव खांद्यात, तिसरा डोक्यात. कानशील फाटलं. भाकरीचं ताट उलटलं, बायका किंचाळत दाराकडं पळाल्या, मला धरायला आलेल्या एकाला माझं कोपर बसलं. "घे सलाम! घे, मुडद्या!" मी वरडत होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. लय बरं वाटत होतं. सईकडं बघितलं तर तिचे डोळे किती दिवसांनी जिवंत दिसले.

चौथ्या घावाला हात उचलला. तो बाकाखाली सरपटत चाललेला, पँट ओली झालेली, कानशिलातनं रक्ताची चिळकांडी उडत होती. तोंडानं नुसतं लेकरागत कण्हत होता. आणि माझ्या पोटात कायतरी पिळलं. वांती यायच्या आधी पिळतं तसं. मला नको होतं वो! देवाशपथ नको होतं! पण हात खाली आला. मी गुडघ्यावर बसले, पदराचा बोळा केला आणि त्याच्या कानशिलावर दोन्ही हातांनी दाबून धरला.

"हलू नगंस, मेल्या. दम धर," मी म्हटलं. "अँब्युलन्स बोलवा की रं कुणीतरी! बघताय काय?"

पाळक शेजारी येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चारुलताबाई, हेच ते," म्हणाले. "हेच ते क्रियापद."

मी वर बघितलं. सई माझ्या हातांकडं बघत होती. तिचा जबडा फुटला त्या दिवशी विश्वजीतच्या घरात नऊ माणसं होती. एकानंबी तिच्या तोंडाला साधं फडकं लावलं न्हवतं.

"आई," ती म्हणाली, "माझ्यासाठी तुझ्या पोटात राग आला. आणि त्याच्यासाठी हे आलं."

ती वळली, बाकांमधनं चालत गेली आणि दाराबाहेर पडली.

मला उठून तिच्यामागं पळायचं होतं. हात काढला असता तर तो मेला असता. मी हात काढला न्हाई.