नळीचं दुसरं टोक

काच लाल झाली तशी बाईंनी फुंकर घातली, पण ती अर्ध्यावरच खोकल्यात मोडली. चंबू एका बाजूला कलला. त्यांनी तो भंगाराच्या डब्यात टाकला आणि खापर जाळाच्या धुरावर फोडलं.

प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी घडवणाऱ्या या बाईंच्या हाताला तोड नव्हती, आणि हट्टालाही. स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेले किरणांचे शेक संपून काही महिने झाले होते. कोरडा खोकला सुरू झाला तेव्हा त्यांनी ठरवूनच टाकलं, की आराम करून करून छाती आळसावली आहे. मग रोज सकाळी रिकाम्या नळीत दम लागेपर्यंत फुंकत बसल्या. दुखऱ्या बैलालाच नांगराला जुंपायचं, असली अक्कल! अंगात कणकण राहू लागली, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा कुठे नवऱ्याने ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दाखवला. रोग परतला नव्हता. शेक देताना किरणांच्या वाटेत फुप्फुसाची कड आली होती, तिला सूज आली होती. गोळ्यांनी उतरेल, पण वेळ लागेल. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. तोवर फुंकणं बंद. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. बाईंचं तोंड मात्र उतरलं. फुंकर गेली असा बोभाटा झाला, तर काम कोण देणार?

"कुणाला कळलंच नाही तर?" नवरा म्हणाला.

ज्याच्या छातीचा घोरण्यापलीकडे आजवर काही उपयोग झाला नव्हता, तो गृहस्थ रबरी नळीचं एक टोक काचेला जोडून दुसरं तोंडात धरून त्यांच्या मागे बसू लागला. काच फिरवायच्या, घडवायच्या बाई. त्यांनी पाय आपटला की याने फुंकायचं. सुरुवातीचे चंबू भोपळ्यासारखे निघाले. हसता हसता बाईंना खोकल्याची उबळ यायची. मग एक दिवस एक चंबू गोल निघाला, अगदी गोल.

कॉलेजचा माणूस माल बघायला आला, तेव्हा नवऱ्याने नळी घाईघाईने पाठीमागे लपवली. पाहुण्याने चंबू उजेडात धरून फिरवला.

"आजारपणातही तुमच्या फुंकरीत फरक नाही पडला, बाई."

नवऱ्याने जोरात मान डोलावली. हेच तर हवं होतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"फुंकर माझी नाही. माझी छाती अजून बरी व्हायचीय." त्यांनी मागे बोट दाखवलं. "यांची आहे. मी शिकवलीय."

पाहुणा घुटमळला. चंबू खाली ठेवत म्हणाला, "मग पुढचं मोठं काम..."

"बसा. तुमच्या डोळ्यांदेखत करते." बाईंनी जाळ पेटवला आणि मागे वळून पाहिलं. "अहो, लपवता काय? या असे पुढे."