माथ्यावर थिजलेलं तेल

ब्रेक दुरुस्त करणाऱ्याने पहिल्या फेरीला गाडीतच बसायचं, हा आम्हा बाराकोआ गावच्या ट्रकवाल्यांचा रिवाज. काम नीट केलं असेल तर फुकट प्रवास, नसेल तर सगळ्यांबरोबर दरीत. म्हणून जानेवारीतल्या त्या सकाळी माझा मेहुणा रोएल केबिनमध्ये माझ्या शेजारी बसून शिट्टी वाजवत होता. मला त्याच्या शिट्टीचाच राग येत होता.

माझा ट्रक एकोणीसशे एक्कावन्नचा, माझ्याहून वयाने मोठा. मागे बाकं टाकलेली आणि त्यांवर खच्चून माणसं. त्या माणसांत माझी मुलगी यामिला, दिवस भरलेली. तिचा रक्तदाब चढला होता, आणि बाळंतपण गुआन्तानामोच्या मोठ्या हॉस्पिटलातच करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अँब्युलन्सला पेट्रोल नव्हतं. म्हणजे ला फारोलाचा घाट बापाच्याच गाडीने. माझी बायको नेरेइदा तिचा हात धरून बसली होती. दर वळणाला मी आरशात त्या दोघींकडे बघायचो.

ब्रेकचं तयार तेल आमच्याकडे मिळालं तर मिळालं. एरवी आम्ही ते घरीच करतो, एरंडेल आणि स्पिरिट मिसळून. त्याच्या जोरावर मी जन्मभर हा घाट उतरलोय. रोएलने आदल्या दिवशी चारही चाकांतल्या ब्रेकची रबरं बदलली, नवं तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. दुपारच्या उन्हात अंगणात पेडल दाबून पाहिलं तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

चढावर मध्येच एक छोटा उतार लागतो. तिथे मी ब्रेक दाबला आणि सोडला, पण गाडी मोकळी सुटेना. पुढे चढ लागला तसं इंजिन रडायला लागलं. नवी रबरं आहेत, बसतील हळूहळू, असं रोएलचं म्हणणं. माथ्यावर पोचलो तेव्हा पुढच्या चाकांतून धूर निघत होता आणि पेडल दगडासारखं कडक झालं होतं.

माथ्यावर झोंबरा वारा होता. पानाच्या पुडीत नारळाची मिठाई विकणाऱ्या बायका गाडीकडे धावल्या. मी चाकांना दगड लावले, केबिनमधली पायाखालची फळी उचलली आणि ब्रेकच्या टाकीचं झाकण काढलं. आत पांढरा गोळा बसला होता. बोटाने उकरून मी तो हुंगला.

"रोएल, हे काय आहे?"

"तेल आहे, दाजी."

"कसलं?"

तो जमिनीकडे बघायला लागला. "नारळाचं. एरंडेल कुठेच मिळेना. ताईला विचारलं, तीपण नाही म्हणाली. खाली तर छान पातळ होतं."

आमच्या गावात केसांना नारळ, भाजलं तर नारळ, पाहुणा आला तर नारळ. तो ब्रेकमध्ये जायचाच काय तो बाकी होता. थंडीत ते तेल थिजलं, तेल परत यायचं टाकीतलं बारीक भोक बुजलं, म्हणून दाबलेला ब्रेक सुटेना. ब्रेक घासून चाकं तापली होती. ती अशीच तापत राहिली तर आतलं स्पिरिट उकळणार आणि ऐन उतारावर पेडल थेट तळाला जाणार. परत फिरावं म्हटलं तर माथ्यावरून दोन्हीकडे उतारच.

इतक्यात मागून यामिलाचं कण्हणं ऐकू आलं. कळा सुरू झाल्या होत्या. मी पाना हातात घेतला.

नेरेइदा खाली उतरली. तिने बाळाच्या दुपट्यांच्या पिशवीत हात घालून एक बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. एरंडेल. पोरीच्या कळा लांबल्या तर द्यायला ठेवलं होतं, एवढंच ती म्हणाली. माझ्या तोंडाशी शिवी आली होती, पण तिचा चेहरा बघून मी ती गिळली.

कॉफी विकणाऱ्या बाईकडचं उकळतं पाणी आम्ही टाकीवर आणि नळ्यांवर ओतलं. गोळा वितळला, चाकं सुटली. जुनं तेल सगळं काढून टाकलं, रोएलच्या पेटीतल्या स्पिरिटने नळ्या धुतल्या आणि नवं मिश्रण भरलं. रोएल एकेका चाकाखाली पाठीवर पडून ओरडायचा, दाबा, धरा, सोडा. बुडबुडे निघायचे थांबले तेव्हा बाटली रिकामी झाली होती. हवा सगळी निघाली का, हे रोएलही छातीठोक सांगेना.

मी सगळ्यांना उतरायला लावलं. पहिल्या वळणापर्यंत पायी जा, गाडी तिथे थांबली तर चढा, म्हटलं. कुरकुरत सगळे गेले. यामिलाला चालवणार नव्हतं. मी नेरेइदाला म्हणालो, तू तरी उतर.

"बाटली मी लपवली होती, उबाल्दो. मी उतरत नाही."

रोएल येऊन माझ्या शेजारी बसला. मी हँडब्रेक सोडला. पहिल्या गिअरमध्येही गाडी वळणाकडे ओढ घ्यायला लागली. डाव्या हाताला नुसतं धुकं होतं. देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला. पेडल खाली गेलं, आणखी खाली गेलं आणि निम्म्यावर येऊन थांबलं. गाडीही थांबली.

वळणावरची माणसं चढायला पुढे सरसावली. तेवढ्यात मागून नेरेइदाचा आवाज आला.

"आता थांबू नकोस. पोरीची पाणमोट फुटलीय."

मी ब्रेकवरचा पाय उचलला.